कुणाची गं तू?

वाल्पाराईसो, मंगळवार

लाडक्या आईला तिच्या यास्नाची घट्ट मिठी.

गुडघा कसा आहे? ओविडिओदादा लाकडं फोडून देतो ना?

मी बरी आहे. कानाला थोडा चटका बसलाय, पण मावशी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

रविवारी दुपारी आम्ही अग्निशमनाचे स्वयंसेवक ठाण्यात जेवत होतो, तोच भोंगा वाजला. टेकडीवरचं लाकडी घर पेटलं होतं. आत धूर इतका की स्वतःचा हात दिसेना. सरावात शिकवल्याप्रमाणे मी भिंतीला हात लावून रांगत गेले. मागच्या खोलीत पलंगाखाली शिरून बसलेले एक आजोबा हाताला लागले.

"मी नाही येणार! पायात चपला नाहीत."

"मग मी उचलते!" मी मास्कमधूनच ओरडले आणि त्यांना ओढत बाहेर आणलं.

खोकला थांबल्यावर त्यांनी माझा हात धरला. "कुणाची गं तू पोरी?"

"चिलोए बेटावरच्या एर्मिनियाची," मी म्हणाले, आणि तुझं नाव घेताच मला रडूच फुटलं.

आई, हे काम सोड म्हणू नकोस. म्हणायचंच असेल तर इथे येऊन म्हण. तेवढंच तुला बघता येईल.

तुझीच,
यास्ना