कुंपणापाशी तीन बोटं

मेलबर्न
८ मे १९६०

ति. थेल्माताईस,
नेव्हिलचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या देशील. त्या पोचल्या असं समज. काल फुटबॉलच्या मोठ्या संघातून पहिला सामना खेळलो! मागच्या फळीत, मधोमध. दिवसा लाकडाच्या वखारीत काम, मंगळवार-गुरुवार सराव. घरमालकीण क्वर्कबाई रोज उकडलेलं मटण वाढते. इतकं चिवट, की बुटांना तळ म्हणून ठोकावं.

चारपैकी दुसऱ्या क्वार्टरमध्ये उंच आलेला चेंडू हातांत झेलायला उलटा धावलो आणि कुणाचा तरी गुडघा कानशिलात बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ट्रेनर धावत आला, आणि ताई, त्याने अगदी आपल्या बाबांचेच प्रश्न विचारले: कितवं क्वार्टर, पुढे कोण? मला काही म्हणजे काही आठवेना. सवयीने कुंपणाकडे पाहिलं, पण तू कुठली असायला! गावच्या संघाचे ट्रेनर म्हणून बाबा ओला टॉवेल घेऊन माझ्यापाशी यायचे, तेव्हा तू कुंपणापलीकडून बोटं दाखवायचीस. जितकी बोटं तितवं क्वार्टर, आणि टोपीला हात लावलास की आपण पुढे. बाबा बिचारे पाठीवर थाप मारून मला खेळायला सोडायचे. इथे संघातला आल्फी माझ्या मागून उत्तर पुटपुटला म्हणून निभावलं. उत्तर चुकलं की बाहेर; एकदा बाहेर काढलेल्याला त्या दिवशी परत आत घेत नाहीत, आणि त्याच्या जागी आलेला पुढच्या शनिवारी जागा सोडत नाही.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
नेव्हिल

वेरिंगाल
१९ मे १९६०

चि. नेव्हिल यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी बाबांनी रेडिओ स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला होता. तुझं नाव आलं की मी चमचासुद्धा हलवायचा नाही, असा हुकूम. मी मुद्दाम हलवला. सामना संपल्यावर ते अंगणात गेले आणि बराच वेळ कोंबड्यांना दाणे टाकत राहिले. कोंबड्या कंटाळल्या, हे थांबेनात. आई असती तर तिने सगळ्या गल्लीला केक वाटला असता.

बोटांचं वाचून हसू आलं, पण नंतर बरं वाटलं नाही. तेव्हा आपल्याला तो चावटपणा वाटायचा. आल्फीला माझा नमस्कार सांग, आणि पुढच्या वेळी गप्प बस म्हणावं. डोकं एकच मिळालं आहे, तेही फारसं चांगलं नाही.

मटण खात जा, आणि आमच्यावर माया करत जा.

तुझी,
थेल्मा

मेलबर्न
५ सप्टेंबर १९६५

ति. थेल्माताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही अंतिम सामन्याच्या वाटेवर आहोत! पंचवीस तारखेचा शनिवार. याच एका दिवसासाठी मी पाच वर्षं हाडं मोडून घेतली.

तुला एक सांगायचं राहिलं. माझी घरमालकीण आहे ना, क्वर्कबाई, ती रोज उकडलेलं मटण वाढते. इतकं चिवट, की बुटांना तळ म्हणून ठोकावं!

वखारीत हल्ली जात नाही. उजेड डोळ्यांत खुपतो, खोलीला पडदे लावून पडून असतो. सामन्यात मात्र ठीक असतो. अडचण एवढीच की आल्फीचा गुडघा गेला, तो आता खेळत नाही, आणि नवी पोरं माझ्याशी बोलत नाहीत. तू येशील? मी ज्या बाजूला खेळतो तिथे कुंपणापाशी उभी राहा. तीच लाल टोपी घाल. फक्त एक दिवस. मग सोडतो, आईची शपथ.

नाही म्हणू नकोस. माझं तुझ्यावाचून कोण आहे?

नेव्हिल

वेरिंगाल
९ सप्टेंबर १९६५

चि. नेव्हिल यास,
आशीर्वाद.

मटणाचा विनोद तू मला सात वेळा लिहिला आहेस. सातही पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. आणि क्वर्कबाई गेल्या हिवाळ्यात वारली. तूच कळवलं होतंस. तू तिला खांदा दिला होतास, नेव्हिल.

तुझं पत्र मी बाबांना दाखवलं, फक्त कुंपणाचा आणि टोपीचा मजकूर असलेलं पान काढून ठेवलं. तू खेळू नयेस असं मी म्हणाले. ते म्हणाले, अंतिम सामना माणसाच्या वाट्याला एकदा येतो. मग म्हणाले, तू जा, त्याला बरं वाटेल.

येईन. पण माझे हात कोटाच्या खिशात राहतील, हे आत्ताच सांगून ठेवते. त्याआधी डॉक्टरला दाखव. मला घाबरवू नकोस रे.

तुझी,
थेल्मा

मेलबर्न
२७ सप्टेंबर १९६५

ति. बाबांस,
थेल्माचा शि. सा. न. वि. वि.

तारेत सगळं लिहिता आलं नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोघे जण त्याच्यावर आदळले. उठला तो भलत्याच दिशेला चालू लागला. ट्रेनरने त्याला धरून प्रश्न विचारले. त्याने ट्रेनरकडे पाहिलंच नाही. एवढ्या गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. बाबा, मी हात खिशात घट्ट धरून ठेवले होते. पण त्याचा चेहरा शाळेत फळ्यापुढे अडलेल्या पोरासारखा झाला, आणि माझा हात वर गेला. तीन बोटं. मग टोपी. तो हसला, बरोबर उत्तर दिलं, आणि ट्रेनरने पाठीवर थाप मारली.

शेवटच्या क्वार्टरमध्ये पुन्हा पडला तो उठलाच नाही. आपण दोन गुणांनी जिंकलो. लोक नाचत होते, आणि मी स्ट्रेचरमागे धावत होते.

मेंदूत साचलेलं रक्त काढलं आहे. डॉक्टर म्हणाले, पहिल्या धडकेलाच बाहेर घेतला असता तर... आज त्याने डोळे उघडले. मला आई म्हणाला. कोण जिंकलं ते अजून विचारलेलं नाही.

ही बोटं मी लहानपणापासून दाखवत आले. तुम्हाला फसवलं, आणि त्याला संपवलं. क्षमा मागायला तोंड नाही.

थेल्मा

वेरिंगाल
३० सप्टेंबर १९६५

चि. थेल्मा हिस,
आशीर्वाद.

मला फसवलंस असं लिहितेस. गावच्या मैदानावर त्याच्या बाजूच्या कुंपणापाशी तू एकटीच असायचीस, लाल टोपी घालून. मला तुझी बोटं पहिल्या दिवसापासून दिसत होती. तो बाहेर गेला तर आपण हरणार, हेही दिसत होतं. म्हणून मी प्रश्न मोठ्याने विचारायचो. तुला ऐकू जावेत म्हणून.

त्याला घरी घेऊन ये.

तुझा बाप

बेंडिगो, शुश्रूषागृह
१६ मे १९७२
(जागा आणि तारीख परिचारिकेने घातली आहे.)

ति. थेल्माताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी मोठ्या संघातून पहिला सामना आहे! घरमालकीण क्वर्कबाई रोज उकडलेलं मटण वाढते. इतकं चिवट, की बुटांना तळ म्हणून ठोकावं. बाबांना सांग.

इथे सगळे चांगले आहेत, पण कितवं क्वार्टर चाललंय ते कुणी सांगत नाही. मी रोज बागेच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहतो. तू दिसत नाहीस. तुझ्याशिवाय मला उत्तर येत नाही आणि हे लोक मला आत नेतात.

टोपी घालून ये.

नेव्हिल

वेरिंगाल
१९ मे १९७२

चि. नेव्हिल यास,
अनेक आशीर्वाद.

मटणाचं वाचून हसले. बाबा असते तर तेही हसले असते.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. लाल टोपी घालते, म्हणजे तुला लांबूनच ओळखता येईल. चारही क्वार्टर संपली, बाळा. भोंगा वाजला. आपण दोन गुणांनी पुढे होतो. आता कुणी काही विचारणार नाही.

तू कुंपणापाशीच थांब. या वेळी मी बोटं दाखवणार नाही. फाटक उघडून आत येईन आणि तुझा हात धरून तुला बाहेर काढीन.

तुझी,
थेल्मा