साहेबांच्या नावे आलेली पानं

आई, तुला नमस्कार. आधी गुडघ्याचं सांग, मग बाकीचं.

मी मजेत आहे. नवी खोली बरी आहे. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, पण उघडते तरी. जेवण वेळेवर होतं, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

काल आमच्या प्रयोगशाळेत आपल्याच कपाशीची पानं तपासायला आली. दादाने ती माझ्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधली होती आणि वर लिहिलं होतं, 'मोठ्या साहेबांना मिळावे'. पानं मी तपासते, आई. साहेब नुसती सही करतात.

निघालं तेच, जे मी सुट्टीत बांधावर उभी राहून सांगितलं होतं. कपाशीला बोरॉन कमी पडतंय, म्हणून पाती आणि कोवळी बोंडं गळतात. तेव्हा दादा काय म्हणाला, आठवतं? "बाटल्या धुणारीने मला शेती शिकवू नये." तूही हसली होतीस.

असो. साहेबांच्या सहीने अहवाल पाठवला आहे. बोरॉन अगदी थोडं लागतं, जास्त झालं की पानं करपतात. दादाचा हात सैल आहे, म्हणून तू समोर बसून मोजायला लाव. वहिनीचा खोकला थांबला का?

हे पत्र मात्र दादाला दाखवू नकोस. सल्ला माझा आहे हे कळलं, तर तो फवारणार नाही.

तुझी,
बाटल्या धुणारी लेक