मिशन एक: विहीर, मिशन दोन: गिरणी

१४ एप्रिल १९८६, सोमवार

दुपारच्या एसटीनं भूमला उतरलो, तिथून चालत गावी. पंचेचाळीस दिवसांची रजा. आज जयंती, त्यामुळं सगळे विहारापाशी एकदमच भेटले. प्रत्येकानं विचारलं, उपग्रह कसा आहे. मी म्हणालो, बरा आहे.

आमच्या केंद्रात यापुढं एकाच हॉलमधून तीन-चार उपग्रह सांभाळायचे आहेत. त्यासाठी नवे कंट्रोलर हवेत. १२ मेला परीक्षा, सिम्युलेटरवर. नोकरीतल्या कुणालाही बसता येतं. सध्या माझं काम प्रिंटरला कागद लावण्याचं आहे. म्हणजे उपग्रह जे काही कळवतो ते सर्वांत आधी माझ्या हाताखालून जातं. साहेब लोक नंतर वाचतात.

संकल्प: पहाटे चारला उठणे. रोज पाच तास अभ्यास. चहा बंद.

१५ एप्रिल, सकाळी ८.४०

उठलो. चहा झाला. प्रवासाचा शीण लक्षात घेता संकल्प उद्यापासून धरावेत.

सुमनला सिम्युलेटर समजावून दिला. सिम्युलेटर म्हणजे खोटा उपग्रह. खऱ्यासारखे आकडे पाठवतो, खऱ्यासारखा बिघडतो, आपण खऱ्यासारखे हुकूम द्यायचे. वर आभाळात काही नसतं. चुकलं तर साहेब ‘फ्रीझ’ म्हणतात. सगळं जागच्या जागी थांबतं. ते चूक समजावून सांगतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. सुमन म्हणाली, बरं हाय की, संसारात अशी सोय पायजे व्हती.

बायकोला विज्ञानाची गोडी आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

संधी चालून आली.

गावात पाणी असलेली एकच विहीर उरली आहे, सोसायटीची. थ्री फेज लाईट अकरा ते एक. तेवढ्यात मोटर चालवून टाकी भरायची, मग टाकीवर सगळ्या गावाची रांग. मोटर चालवणारा शरणप्पा मुलीच्या लग्नासाठी दोन आठवडे अक्कलकोटला निघाला आहे. चेअरमन आण्णासाहेब आज घरी आले. म्हणाले, श्रीपतराव, तुम्ही आभाळातलं सांभाळता, दोन आठवडे आमची मोटर सांभाळा. मी म्हणालो, नियंत्रण मी करीन, हात लावायला वेगळा माणूस लागेल. किल्ली माझ्या वडिलांना, आबांना, मिळाली.

आबांनी ती करदोट्याला बांधली. जेवताना म्हणाले, ह्या हिरीवर म्या ल्हानपणी लांब उभा ऱ्हायचो, कुणी वरनं वतलं तर वतलं. मी म्हणालो, तो वेगळा विषय आहे, आत्ता स्टार्टरचा विषय आहे. आबा किल्लीला हात लावून जेवत होते.

१८ एप्रिल

शरणप्पानं चार्ज दिला. सगळं मिळून एकच वाक्य: आवाज बदलला की दांडा खाली, इचार करायचा न्हाय. स्टार्टरचा दांडा खाली म्हणजे मोटर बंद. तीनपैकी एक फेज गेली की मोटर घोंगावते आणि चार-पाच मिनिटांत जळते. अशा वेळी मोटर आपोआप बंद पडण्याची सोय स्टार्टरमध्ये असते. ती शरणप्पानं तारेनं बांधून ठेवली आहे. कारण विचारलं. म्हणाला, ती सारखी आपोआप बंद पडती.

त्याचं वाक्य अपुरं वाटलं. मी त्याची चौदा पायऱ्यांची कार्यपद्धती लिहून काढली. पायरी सहा: घाई करू नये.

१९ एप्रिल, शनिवार

मांडणी पूर्ण.

सोसायटीचं ऑफिस हा कंट्रोल हॉल. खिडकीतून विहीर दिसते, फर्लांगभर अंतर. विहिरीवर आबा, मधे पाराजवळ सुमन. हिरवं फडकं म्हणजे मोटर चालू, लाल म्हणजे बंद. विहिरीवर काय चाललंय ते सुमननं येऊन कळवायचं. फ्रीझसाठी काशाची थाळी, एक ठोका. पुठ्ठ्यावर सोड्याच्या बाटल्यांची बुचं चिकटवून पॅनेल केलं. केंद्रातल्या पॅनेलपेक्षा सुटसुटीत आहे.

एका वेळी एकच यंत्र सांभाळणं आता जुनं झालं. ऑफिसला लागून सोसायटीची पिठाची गिरणी आहे, त्याच लाईनवर. तिलाही आराखड्यात घेतलं. मिशन एक: विहीर. मिशन दोन: गिरणी. गिरणी शांताक्का चालवते. तिला सांगितलं, माझं फडकं दिसल्याशिवाय पट्टा चढवायचा नाही. ती म्हणाली, आधी ते फडकं धुवायला टाक.

२१ एप्रिल, सोमवार

पहिला दिवस. मिशन एक वेळेवर सुरू. मिशन दोन फडक्याआधी वीस मिनिटं सुरू झालं आणि जेवायच्या सुट्टीला स्वतःच बंद पडलं. मिशन दोन हुकूम मानत नाही.

बिघाडाचा सराव सुरू केला. सुमननं मनाला येईल तेव्हा यायचं आणि एखादा बिघाड सांगायचा, मी कार्यपद्धतीप्रमाणं उत्तर द्यायचं. तिनं पहिला बिघाड सांगितला: घरात तेल संपलंय. हे यंत्रणेच्या बाहेरचं आहे असं तिला समजावलं. दुसरा बिघाड: केबल उंदरानं कुरतडली. दहापैकी सात गुण दिले.

२२ एप्रिल

सुधारणा. केंद्रात नियम असा की सरावाचा प्रत्येक निरोप ‘सराव’ या शब्दानं सुरू करायचा आणि त्याच शब्दानं संपवायचा. आमचे साहेब यावर फार कडक आहेत. मला हे पहिल्यापासून बालिश वाटतं. आधीच सांगितलं तर माणसाची परीक्षा कसली? आजपासून तो शब्द बंद केला. सुमन म्हणाली, मग खरं कसं कळायचं? मी म्हणालो, अनुभवानं.

२४ एप्रिल, गुरुवार

आबांची प्रगती उत्तम. सुरुवातीला थाळी ऐकूनही ते हालचाल करत. तीनदा विहिरीपर्यंत जाऊन समज द्यावी लागली. थाळीनंतर हात जिथं आहे तिथं. काहीही झालं तरी. आबांनी विचारलं, माशी बसली तर? मी म्हणालो, तरीही.

आज जेवताना न सांगता ठोका दिला. आबांचा घास तोंडाशी थांबला. मी मनात शंभर अंक मोजले. सुमन म्हणाली, म्हाताऱ्याला जेवू द्या. शिस्त घरात रुजायला वेळ लागतो.

अभ्यास: पुस्तक सापडलं.

२६ एप्रिल, शनिवार

घटना क्रमानं लिहीत आहे.

११.०५: मिशन एक सुरू.
११.४०: सुमन पळत आली. म्हणाली, मोटर घोंगावतीया, वास मारतोय. चेहऱ्यावर भीती चांगली आणली होती. मी नऊ गुण दिले.
११.४१: ती म्हणाली, आवो, खरंच. हेही मला आवडलं. पण बिघाड सोपा होता, चौदा पायऱ्यांतल्या पहिल्याच पायरीत बसणारा. अशानं माझी तयारी होणार नाही, हे तिला तिथंच समजावून सांगणं आवश्यक होतं. म्हणून थाळीचा एक ठोका दिला.
११.४१ ते ११.४८: समजावलं. सुमन काहीतरी बोलू पाहत होती. फ्रीझमध्ये बोलता येत नाही याची तिला आठवण करून दिली.
११.४८: विहिरीवर धूर.

आबांनी सांगितलं, आवाज बदलल्याबरोबर त्यांचा हात दांड्यावर गेला होता. खाली ओढणार तेवढ्यात थाळी वाजली. हात होता तिथंच राहिला. सात मिनिटं. मोटर जळताना ते दांडा धरून उभे होते.

प्रशिक्षणाच्या बाजूनं पाहिलं तर यात एकही चूक नाही.

मिशन दोन वाचलं. शांताक्कानं गिरणीचा आवाज बदलल्याबरोबर, कुणालाही न विचारता, पट्टा उतरवला होता. कारण: शिस्तीचा अभाव.

२७ एप्रिल

मोटर उचलून बार्शीला नेली. आतल्या तारा नव्यानं गुंडाळून यायला दहा-बारा दिवस. तोपर्यंत पाणी दोन मैलांवरून, डोक्यावर.

बुचांचं पॅनेल सुमननं चुलीत घातलं. पुठ्ठा होताच, जळाला.

२८ एप्रिल, सोमवार

सोसायटीत बैठक. मागून कुणीतरी आबांचं नाव घेऊन म्हणालं, कोंडिबाच्या हातात किल्ली दिली तवाच वाटलं व्हतं. आण्णासाहेबांनी त्याला गप्प केलं, पण आबांकडची किल्ली मागून घेतली. आबांनी करदोट्याची गाठ सोडली. ती सुटेना, वेळ लागला.

आमच्या केंद्रात बिघाडाच्या चौकशीत कुणा एका माणसाचं नाव घेत नाहीत. तेच तत्त्व पाळून मी गप्प बसलो. आबाही काही बोलले नाहीत. मी आबांशेजारीच होतो.

घरी येताना आबा म्हणाले, थाळीचा आवाज चांगला हाय तुझ्या. एवढंच.

संकल्प: पुढच्या बैठकीत खुलासा करणे.

२ मे

सुमन पहाटे चारला पाण्याला जाते. मीही चारला उठलो. संकल्प पूर्ण. तिनं रिकामी घागर माझ्यापुढं ठेवली. तिला परीक्षेची तारीख सांगितली. ती म्हणाली, बरं, आणि दोन्ही घागरी घेऊन गेली. आबा तिसरी.

४ मे, रविवार

पुढची बैठक २५ तारखेला आहे असं कळलं. तोपर्यंत माझा इलाज नाही. आबांना आज थेट सांगणार होतो की चूक त्यांची नव्हती. पण ते पाण्याला गेले होते. आल्यावर थकले होते. जेवताना सुमन समोर होती.

उद्या सांगणे.

१५ मे, गुरुवार. भूम एसटी स्टँड

परीक्षा झाली. ऊन उतरलं की चालत गावी निघेन, तोवर इथंच लिहितो.

तीन सिम्युलेटर, तीन उमेदवार, एकच हॉल. मला पहिला निरोप आला: सराव, उपग्रहाचा रोख ढळतो आहे, सराव. मी परीक्षक साहेबांना विचारलं, हा नक्की सराव आहे का. ते म्हणाले, हो. अनुभवावरून मी ते लेखी मागितलं. त्यांनी लेखी दिलं. पुढच्या निरोपालाही लेखी मागितलं. असं सहा वेळा झालं. इतकी काळजी घेणारा उमेदवार त्यांनी पाहिला नसावा. ते माझ्याकडं बघत होते.

दरम्यान उपग्रहाचा रोख पृथ्वीवरून पूर्ण सुटला. परीक्षक म्हणाले, फ्रीझ.

तो शब्द कानावर पडला आणि मी उठून भिंतीवरचा दांडा खाली ओढला. विचार केला नाही. तो सगळ्या हॉलचा मेन स्विच होता. तिन्ही सिम्युलेटर बंद पडले. इतर दोघांना फार तर एकेक उपग्रह गमावता आला असता.

साहेब रागावले नाहीत. चहा दिला. असं का केलंस विचारलं. मी मोटरची हकिकत सांगितली, चौदा पायऱ्यांसकट. ऑपरेटर वयस्कर होता, फ्रीझ झाल्यामुळं त्याला हात हलवता आला नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, थाळी कुणी वाजवली?

मी म्हणालो, ती कार्यपद्धतीची बाब आहे.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चहा चांगला होता.

२२ मे, गुरुवार

पत्र आलं. कंट्रोलरच्या कामासाठी नाव विचारात घेतलेलं नाही. सध्याच्या कामावर परत यावं. खाली साहेबांनी हातानं लिहिलंय की मी सांगितलेली हकिकत यापुढं नव्या लोकांना पहिल्या दिवशी सांगण्यात येईल. म्हणजे प्रशिक्षणात माझा सहभाग सुरू झाला आहे.

सुमननं पत्रात काय आहे विचारलं. वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना तरी सांगितलं का, कुणी वाजवली ते? मी म्हणालो, रविवारी बैठक आहे.

२५ मे, रविवार, दुपार

बैठकीत उभा राहिलो. सुरुवातीला यंत्रणा, संदेशवहन आणि जबाबदारीचं वाटप यांवर बोलणार होतो. तशी टिपणं काढली होती. आबा दाराशी बसले होते. टिपणं खिशातच राहिली. मी म्हणालो, त्या दिवशी थाळी मी वाजवली होती.

मग आण्णासाहेब म्हणाले, श्रीपतराव, काशाची थाळी व्हती, सगळ्या गावानं ऐकली. म्या ताटावर बसलो व्हतो, हातातली भाकर खाली पडली. शांताक्का म्हणाली, आमी म्हणलं, ह्यो कवा बोलतोय बघू. पैज लागली व्हती, महिन्याच्या आत न्हाय बोलणार म्हणून. एक दिवस ऱ्हायला व्हता, हारले की मी.

बैठक पुढच्या विषयाकडं गेली.

किल्लीबद्दल नंतर कळलं. मोटर ८ तारखेलाच बसली. शरणप्पा लग्नाहून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि चेअरमनना म्हणाला, म्हातारा सात मिनिटं दांडा सोडून पळाला न्हाय, मला असाच माणूस पायजे. किल्ली आबांकडं परत येऊन पंधरा दिवस झाले. घरात मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

बाराच्या सुमारास विहिरीवर गेलो. मोटर चालू होती. आबा शेजारी उकिडवे बसले होते, कान मोटरकडं. स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहिलंय: थाळी ऐकू नये. अक्षर सुमनचं. मी म्हणालो, आबा, थोडा वेळ मी बघतो, तुम्ही घरी जा. आबा म्हणाले, रांग तिकडं हाय.

घागर घेऊन टाकीवर रांगेत उभा राहिलो. मागून कुणाचा तरी हंडा घागरीवर आपटला. ठण् असा चांगला मोठा आवाज झाला. मी जागच्या जागी थांबलो.

आबांनी वळूनही पाहिलं नाही. मागची बाई म्हणाली, सरका की पुढं.