चोवीस तास आधी कळवून

३ मार्च, सोमवार
मोहीम सुरू! मेलबर्नच्या युनियन ऑफिसात मीच हट्टानं सांगितलं की तो कोंबड्यांचा कारखाना मला द्या. कामगारांशी बोलायला आत जायचं तर आमच्याकडे परवाना लागतो, चोवीस तास आधी नोटीस लागते, आणि बोलायचं फक्त जेवणाच्या सुट्टीत. तिन्ही चोख. माझी मुलगी केरिन तिथे पॅकिंगला आहे, हा निव्वळ योगायोग. चार वर्षं ती मला घराचं दार उघडत नाही. कारखान्याला मात्र उघडावंच लागतं. कायदाच आहे तसा.

५ मार्च
गेलो. जेवणाच्या खोलीत कोपऱ्यातलं टेबल मिळालं. सोबत खोबऱ्याच्या किसात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकचे बॉक्स. केक साफ, नवे सभासद शून्य. लोक केक उचलून आपापल्या गाडीत जेवायला गेले. लाजाळू आहेत बिचारे. केरिन आज रजेवर. असेल काही काम.

१३ मार्च
केरिन पुन्हा रजेवर. डोरीन म्हणून एक जुनी बाई आहे तिथे. केक चघळत म्हणाली, अरे लेस, तुझी नोटीस आमच्या बोर्डावर लागते ना, पोरगी ती वाचते आणि रजा टाकते. डोरीनला काड्या घालायची सवयच दिसते.

२० मार्च
नोटीस न देताच गेलो. विसरलो, दुसरं काही नाही. गेटवरच्या इयाननं अडवलं. म्हणाला, परवाना झकास आहे मित्रा, पण नोटीस कुठाय? वर खिशातून माहितीपत्रक काढून मलाच नियम वाचून दाखवला. पत्रक आमच्याच युनियनचं, मीच लिहिलेलं! म्हणजे आपला प्रचार गेटपर्यंत पोचलाय तर.
केक गाडीत बसून एकट्यानं संपवले. रडलो वगैरे नाही. खोबऱ्याचा कीस डोळ्यात गेला.

२७ मार्च
नोटीस कालच दिली, उद्या जायचंय. ती आलीच तर युनियनचं अवाक्षर काढायचं नाही. फक्त 'कशी आहेस?' एवढंच. आरशासमोर म्हणून पाहिलं. फार छान जमलं.

२८ मार्च, दुपार
आली! आपणहून आली! सँडविच घेऊन समोर बसली. पोटावर ॲप्रन ताणलेला. तिनं विचारलं, बाळंतपणाची रजा कधीपासून घेता येते? अहो, हे तर मला तोंडपाठ! सहा आठवडे आधीपासून, एकूण बारा महिने, सगळं धडाधडा सांगितलं. तिनं सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाली, अजून काही?
मी म्हणालो, हो तर, दहा आठवडे आधी लेखी कळवायचं.
सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. मी कार्ड पुढे केलं, अडचण आली तर या नंबरवर फोन कर म्हणालो. ती म्हणाली, पाठ आहे डॅड. तू घरी कधी येणार हे विचारायला लहानपणी हाच तर फिरवायचे. कार्ड टेबलावरच राहिलं.

संध्याकाळ
चर्चा यशस्वी झाल्याचं ऑफिसला कळवलं.
'कशी आहेस' राहिलंच. मी आजोबा होणार. सहा आठवडे आधी, सहा आठवडे आधी म्हणून घोकत बसलो, पण बाळ कधी येणार आहे, हे विचारलंच नाही.