स्कार्वचे साडेसात टक्के

७ जानेवारी २०१३, सोमवार

डायरेक्टरने, म्हणजे ब्यार्तेने, आज दोन कामं वाटली. नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी शब्द फिरवायला नको.

मी आमचा ब्राउझर स्कार्व आणि तो अमेरिकन ब्राउझर यांची तुलना करायची. प्रश्न एकच. वेबचं पान वाचून ते पडद्यावर मांडणारं इंजिन आपलं स्वतःचं ठेवायचं, की अमेरिकन इंजिन आत घालून वर फक्त आपलं नाव लावायचं? शेजारच्या टेबलावरच्या सिग्वेने जुना वेब सर्व्हर आणि नवा वेब सर्व्हर यांची तुलना करायची. दोन्ही अहवाल १ मार्चच्या बैठकीत.

इंजिन ठेवायचं की नाही हे कशावर ठरणार, असं मी विचारलं. ब्यार्ते जॅकेट चढवत होता. म्हणाला, "अगं, पाच टक्के लोक वापरत असतील तर ठेवू की."

पाच टक्के. आकडा मिळाला की अर्धं काम झालं.

इंजिन ऑडवारचं. अठरा वर्षांपूर्वी त्याने एकट्याने लिहायला घेतलं. मी गेली पाच वर्षं त्याच्या हाताखाली आहे. त्याला पाच टक्क्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "मोज मग. तू मोजलंस की मला झोप लागते."

संकल्प: अहवालात एकही विशेषण वापरायचं नाही.

१० जानेवारी, गुरुवार

हजार साइट तपासल्या. स्कार्वमध्ये ७८६ नीट दिसतात, २१४ मोडतात. त्या २१४ ओळ न् ओळ वाचल्या. २०९ साइट मुळातच नियम मोडून लिहिलेल्या आहेत. अमेरिकन ब्राउझर त्यांच्या चुका पोटात घालतो. स्कार्व घालत नाही. म्हणजे स्कार्वच्या खऱ्या चुका पाच, आणि अमेरिकन ब्राउझरच्या, काटेकोर धरल्या तर, २०९.

हा तक्ता क्रमांक चार. फार सुंदर तक्ता आहे. (विशेषण. पण अहवालात नाही.)

सिग्वेने तक्ता पाहिला. म्हणाला, "सासरचे सगळे वाईट, नवी सून तेवढी शहाणी, असंच ना?"

हो. नियमपुस्तक हातात असेल तर असंच.

१४ जानेवारी, सोमवार

त्या २०९ साइटवाल्यांना पत्रं पाठवली. चूक कोणती, कोणत्या ओळीत, दुरुस्ती काय. सभ्य भाषेत. महिनाअखेर निम्म्या साइट सुधारतील असा अंदाज आहे.

२२ जानेवारी, मंगळवार

तीन उत्तरं. एक यंत्राने आपोआप पाठवलेलं. एकात विचारलंय, "स्कार्व म्हणजे काय?" तिसरं ड्रामेनच्या एका दंतवैद्याचं: "दुसरा ब्राउझर वापरून पाहिलात का?"

उरलेल्या २०६ जणांनी आक्षेप घेतलेला नाही.

२७ जानेवारी, रविवार

हाउगेसुंडहून आईचा फोन. आमच्या चिन्हावर पाणकावळा आहे, त्यामुळे ती स्कार्व म्हणत नाही. म्हणाली, "तुझा तो पाणकावळा काढून टाकला गं मी. बँकच उघडेना. शेवटी शेजारच्या लायलाने दुसरं काहीतरी घालून दिलं. दोन मिनिटांत!"

मी म्हटलं, बँकेची साइट चुकीची लिहिली आहे.

"असेल बाई. पण पैसे तिथेच आहेत ना माझे."

एक व्यक्ती म्हणजे नमुना नव्हे. नोंद केवळ पूर्णतेसाठी.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

वापराचे आकडे काढले. इथल्या फेरीबोटींच्या वेळापत्रकाची साइट आमच्याच सर्व्हरवर चालते. कोणीही पान उघडलं की त्याच्या ब्राउझरचं नाव सर्व्हरच्या नोंदीत पडतं. या साइटवर शेतकरी, नर्स, मासेवाले सगळे येतात, म्हणून नमुना चांगला. दिवसाला सुमारे सत्तर हजार पानं. त्यात स्कार्वची ५,२५०.

साडेसात टक्के!

वर आमचे लोक नेमाचे. इतरांचा आकडा रविवारी पडतो, स्कार्वचा फारसा हलत नाही. २४ डिसेंबरला सगळा देश जेवायला बसलेला, फेऱ्या बंद, तरी दर तासाला ठरल्यासारखी पानं उघडलेली. त्या दिवशी आमचा वाटा बत्तीस टक्के होता. याला निष्ठा म्हणतात. अहवालात "सातत्य" लिहिलंय.

ऑफिसात दर शुक्रवारी कोणीतरी वॉफल करतं. त्या वेळी सिग्वेला हे सांगितलं. तो तोंडात घास ठेवून म्हणाला, "नाताळच्या संध्याकाळी फेरीचं वेळापत्रक कोण गं बघतं?"

ज्याला दूरदृष्टी आहे तो.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सिग्वेने काल फेरीची साइट नव्या सर्व्हरवर हलवली. त्याची तुलना मी वाचली आहे: पाव मेमरीत एका वेळी तिप्पट पाहुणे सांभाळतो. त्याबद्दल वाद नाही.

पण आज नोंदीत स्कार्वची पानं ९३०. म्हणजे १.४ टक्के. एका रात्रीत ४,३२० पानं नाहीशी. अगदी ४,३२०. माणसं इतकी मोजून मापून निघून जात नाहीत. चूक सर्व्हरची आहे.

६ फेब्रुवारी, बुधवार

सिग्वेशी बोलले. नवा सर्व्हर स्कार्वला ओळखत नाही असं माझं म्हणणं.

"सर्व्हर कोणालाच ओळखत नाही, तोरुन. दारावरचा वॉचमन आहे तो. जो जे नाव सांगेल ते वहीत लिहितो."

मी म्हटलं, मग वॉचमन झोपलाय. साइट परत जुन्या सर्व्हरवर घे.

"तुझा आकडा परत यावा म्हणून?"

बरोबर आकडा यावा म्हणून. हा फरक त्याला कळत नाही. सर्व्हरच्या लोकांचं असंच असतं. भांडं चकचकीत आहे ना, मग आतलं सांडलं तरी चालेल.

संकल्प: सिग्वेशी फक्त लेखी बोलायचं.

११ फेब्रुवारी, सोमवार

ऑडवार कॉफीच्या यंत्रापाशी थांबला होता, कॉफी न घेता. फोर्देच्या कॉलेजात त्याला शिकवण्याची नोकरी मिळते आहे. बहीण तिथेच राहते. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं. तो एकोणसाठचा आहे. इंजिन गेलं तर इथे त्याला काही काम उरणार नाही, हे त्यालाही माहीत आहे.

"खरं सांग तोरुन. थांबू का जाऊ?"

मी सल्ला देत नाही. आकडा देते. म्हटलं, साडेसात.

"आणि ते सर्व्हरचं काय झालं म्हणे?"

म्हटलं, तो सर्व्हरचा घोळ आहे.

"तू म्हणतेस ना? मग झालं." आणि कॉफी घेऊन गेला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वॉफल ऑडवारने केले. सगळ्यांना स्वतःच्या हाताने ब्राउन चीज वाढलं. फोर्देला नकार कळवला. म्हणाला, "पोरांच्या वह्या तपासत बसलो असतो. वाचवलंस बाई."

१९ फेब्रुवारी, मंगळवार

सिग्वे टेबलापाशी आला. मी म्हटलं, मेल कर. तो म्हणाला, "उठ, दाखवायचंय काहीतरी."

नवा सर्व्हर ऑफिसच्या आतून उघडलेली पानं वेगळ्या फाइलमध्ये लिहितो. सिग्वेनेच तसं लावलंय. ती फाइल त्याने आज पहिल्यांदा उघडली. आतून रोज ४,३२० पानं उघडली जातात. सगळी स्कार्वमधून. सगळी एकाच पत्त्यावरून.

झेरॉक्सच्या मागच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर स्कार्व, स्कार्वमध्ये फेरीचं वेळापत्रक. दर वीस सेकंदांनी पान नव्याने उघडत होतं. वर चिकटवलेला कागद: "चाचणी सुरू. बंद करू नये. तोरुन, एप्रिल २०११."

तेव्हा वेळापत्रकाचा तक्ता स्कार्वमध्ये फुटत होता. ऑडवारने तो दुरुस्त केला. पुन्हा फुटतो का, हे बघायला मी हा कॉम्प्युटर लावला.

पुन्हा फुटलेला नाही.

सिग्वे हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "बंद करू?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. चालू चाचणीत मधेच हात घालत नाहीत.

२० फेब्रुवारी, बुधवार

शांतपणे विचार केला. अहवालात वाक्य असं आहे: "जुन्या सर्व्हरच्या नोंदीनुसार वाटा ७.५ टक्के." यात एकही शब्द खोटा नाही.

ऑडवारला मात्र सांगायला हवं, आणि ते मीच सांगणार. सिग्वेला म्हटलं, तोवर गप्प राहा. "कधी सांगणार?" उद्या.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

ऑडवार दुपारभर दंतवैद्याकडे.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

वॉफल. सगळ्यांसमोर नको.

२५ फेब्रुवारी, सोमवार

ऑडवारने त्या पाचपैकी तीन चुका दुरुस्त केल्या. शिट्टी वाजवत होता. कामात असलेल्या माणसाला अडवू नये.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

फोर्देच्या कॉलेजला फोन केला. नाव सांगितलं नाही. जागा भरली. सोग्नडालचा कोणी तरुण आहे.

म्हणजे आता सांगून व्यवहारात काही फरक पडत नाही. घाई उरलेली नाही.

१ मार्च, शुक्रवार

बैठक बावीस मिनिटं. अमेरिकन इंजिन घ्यायचं हे नोव्हेंबरमध्येच ठरलं होतं.

मी पाच टक्क्यांचं काय, असं विचारलं. ब्यार्ते म्हणाला, "ते मी असंच म्हटलं गं. तू विचारलंस, काहीतरी सांगायला हवं होतं ना." वापराच्या आकड्यांचं पान कोणी उघडलंच नाही. तक्ता चार मात्र सर्वांना आवडला. हजारात २१४ साइट मोडतात, हे बोर्डाला पटवायला इतकं नेमकं कागदावर कोणी दिलं नव्हतं म्हणे. खाली मी दिलेलं स्पष्टीकरण त्यांनी कापलं होतं. जागा पुरत नव्हती.

इंजिनचे चौघे मार्चअखेर जाणार. मी राहते. नव्या इंजिनच्या चाचणीची प्रमुख. ब्यार्ते म्हणाला, "इतकं काटेकोर माणूस आम्ही सोडतो होय!"

विचार करून सांगते म्हटलं. दुपारी हो सांगितलं. कोणीतरी नीट मोजणारं हवंच.

ऑडवार त्याच्या जागेवर बसून होता. मी गेले, तर तोच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. तू आकडे दिलेस. त्यांनी ऐकले नाहीत."

ही सांगायची वेळ नव्हती.

२२ मार्च, शुक्रवार

त्याच हजार साइट नव्या इंजिनवर. मोडलेल्या तीन.

ऑडवारचा शेवटचा दिवस. केक आणला होता. त्यावर पाणकावळा काढला होता, तो बदकासारखा दिसत होता. ब्यार्ते चार वाक्यं बोलला. ऑडवार खोकं काखोटीला मारून निघाला, दारापाशी थांबला.

"तोरुन, एक विचारू? साडेसात होतो ना गं आपण? नक्की?"

सिग्वे तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली.

मी म्हटलं, नक्की. साडेसात.

ऑडवार मनातल्या मनात हिशेब करत असावा. मग म्हणाला, "म्हणजे दिवसाला पाच हजारांवर. होतं म्हणायचं कोणीतरी." आणि दार ढकलून गेला.

बरोबर आकडा १.४ आहे.