आठ मीटर मखमल

३ फेब्रुवारी, सोमवार

दीड मीटर कापड वाचवलं. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, शिकलेलं माणूस ठेवण्याचा फायदा." मी मान खाली घातली, पण बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डबा अर्धा तसाच राहिला.

काम दातांच्या डॉक्टरांच्या बेडरूमचं. पलंगामागची भिंत. यंदा भिंतीला रंग नाही, कागदही नाही— भिंतीला कापड. आत फोम घालून गादीसारखे लांबट तुकडे करायचे आणि शेजारी शेजारी बसवायचे. असे चोवीस. डॉक्टरांना गर्द हिरवी मखमलच हवी, आणि त्या हिरव्याचं गोडाउनमध्ये आठच मीटर शिल्लक. नवीन यायला सहा आठवडे. सगळे तुकडे उभे कापले तर नऊ मीटरच्या वर लागतं. मी दोन दिवस कॉम्प्युटरवर बसून दहा उभे आणि चौदा आडवे असे बसवले. पावणेआठ मीटरमध्ये आले!

ड्रॉइंगवर शेडकार्डची सही झाली. शेडकार्ड म्हणजे आमचे सीनियर डिझायनर. रंगांच्या नमुन्यांच्या पट्ट्यांचा तो पंखा त्यांच्या खिशात कायम असतो, म्हणून वर्कशॉपवाल्यांनी ठेवलेलं नाव. सही न बघता केली. असं लिहू नये. पण न बघताच केली.

४ फेब्रुवारी

ड्रॉइंग घेऊन खाली वर्कशॉपमध्ये गेले. तिथं कापड कापणारी आणि शिवणारी बाई म्हणजे माझी आई. ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तिनंच बजावलं होतं— "तिथं मला आई म्हणायचं नाही. शिवणाऱ्या बाईची पोर आहे असं कळलं की तुला टेबलं पुसायला लावतील." ती तिथं सतरा वर्षं आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. मीही मावशी म्हणते, ती मला ताई म्हणते. पहिल्या दिवशी घरी येऊन दोघी पोट धरून हसलो होतो. हल्ली हसत नाही.

आईला अक्षर वाचता येत नाही, पण ड्रॉइंग येतं. बोट फिरवत शेवटपर्यंत गेली आणि म्हणाली, "ताई, बाण कुठाय?"

मखमलीवरून एका बाजूनं हात फिरवला तर ती उजळ दिसते, उलट फिरवला तर काळपट. म्हणून लव कुठल्या बाजूला पडते त्याचा बाण प्रत्येक तुकड्यावर काढायचा आणि सगळे बाण एकाच दिशेला ठेवायचे. हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. (शिकवलं असेल. माझं लक्ष नसेल. वही बघायला हवी.)

"काही उभे, काही आडवे— लव फिरणार. भिंत एकसारखी दिसायची नाही."

शेडकार्ड माझ्या मागेच उभे होते. "काय म्हणतायत मावशी?"

मी म्हटलं, "काही नाही." मग आईकडे वळून म्हटलं, "मावशी, ड्रॉइंगप्रमाणे कापा."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कात्री उचलली.

५ फेब्रुवारी

वही पाहिली. शिकवलं होतं. माझ्याच अक्षरात आहे, खाली लाल रेघ मारलेली.

धावत खाली गेले. चोवीसच्या चोवीस तुकडे कापून रचून ठेवलेले.

घरी आईला विचारलं, फार वाईट दिसेल का गं? म्हणाली, "कापलेलं कापड परत जुळतंय होय? जेव."

१२ फेब्रुवारी, बुधवार

भिंत लागली. दुपारी डॉक्टर बघायला आले तेव्हा खिडकीतून ऊन तिरकं पडत होतं. दहा तुकडे एका हिरव्याचे, चौदा दुसऱ्याचे. तेही ओळीत नाहीत, कुठंही, कसेही.

डॉक्टर म्हणाले, "अर्धी भिंत कोरडी आणि अर्धीवर कुणीतरी पाण्याची बादली ओतल्यासारखी." थोड्या वेळानं परत— "मी पेशंटला एक दात वेगळ्या रंगाचा बसवला तर तो मला सोडेल का?"

मॅडम त्यांना बाल्कनीत घेऊन गेल्या. मी भिंतीसमोर उभी होते. एका तुकड्यावरून हात फिरवला. शिवण इतकी सुबक होती की नखसुद्धा अडकलं नाही.

१३ फेब्रुवारी

मॅडमनी केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. पहिला प्रश्न— "कापलं कुणी?"

काढलं कुणी, हे कुणीच विचारलं नाही. ड्रॉइंग टेबलावरच होतं, गुंडाळी केलेलं. खालच्या कोपऱ्यात माझं नाव. कुणी उलगडलं नाही. मीही नाही.

शेडकार्ड म्हणाले, "मखमल कापताना लव बघायची हे शेंबड्या पोरालाही कळतं. मावशी, सतरा वर्षं काय गवत कापत होतात?" कुणीतरी हसलं. मी हसले नाही. पण माझाही चेहरा तसाच काहीतरी झाला होता, मला आतून कळलं.

आई म्हणाली, "चुकलं, मॅडम." एवढंच. हात पदराला पुसत होती, हाताला काही लागलेलं नसताना.

"सोमवारपासून येऊ नका."

घरी आल्यावर मी म्हटलं, उद्या जाऊन सांगते. ती चप्पल काढता काढता थांबली. "तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे. तुला अजून सहा महिने झालेले नाहीत. तुला काढायला त्यांना कारणसुद्धा लागायचं नाही. एकीचं गेलं तेवढं पुरे." मग आवाज खाली आणून— "मला काय, सुई कुठंही चालते."

मी ऐकलं. आईची आज्ञा पाळली असं म्हणता येईल. जन्मात इतक्या पटकन मी तिची कुठलीच आज्ञा पाळलेली नाही.

१७ फेब्रुवारी

आईच्या मशीनवर आज कुणी नव्हतं. वॉलपेपरच्या नमुन्यांची चळत ठेवली आहे त्यावर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी मला "यंदा घरात काय?" ही पुस्तिका लिहायला दिली आहे. गिऱ्हाइकांना फुकट वाटायची. माझी भाषा बरी म्हणून.

टोकदार कोपरे गेले, आता गोलाकार सोफे. चकचकीत लाकूड गेलं, आता गाठी दिसणारं, न घासल्यासारखं लाकूड— ते तसं दिसावं म्हणून जास्तच घासावं लागतं. कोऱ्या भिंती गेल्या, आता पानाफुलांचा वॉलपेपर, तोही एकाच भिंतीला. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेत राखाडी रंग "शांत, प्रसन्न" होता. यंदा "निर्जीव" लिहायला सांगितलं. रंगानं मध्ये काय केलं, कुणास ठाऊक.

एक वाक्य लिहिलं— "हातानं घडवलेल्या वस्तूंना यंदा घराघरांत मोठा मान आहे." लिहून खोडलं. मॅडमनी खोडलेलं वाचलं आणि म्हणाल्या, "हे का काढलंस? हेच तर पाहिजे." परत घातलं.

आई एका पडद्यांच्या दुकानात लागली. दिवसभर सरळ शिवण, वरून खाली. कात्रीला हात लावायचा नाही, कापायला यंत्र आहे. "झोपेतही जमेल," म्हणते. संध्याकाळी आली की उजवा हात मांडीवर ठेवून बोटं उघडमीट करत बसते. म्हणते, सवय जाईना.

५ मार्च

रोज सकाळी ठरवते आणि केबिनच्या दारापर्यंत जाते. केबिनशेजारी पाण्याचा फिल्टर आहे. आज तिसऱ्यांदा बाटली भरून परत आले. शेडकार्ड म्हणाले, "ताई, किती पाणी पिता! तब्येत बरी आहे ना?"

१२ मार्च, बुधवार

काय लिहू.

हिरवी मखमल आली. भिंत उतरवायला कधी येऊ, हे विचारायला मी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "भिंतीला हात लावायचा नाही." मला वाटलं, संतापलेत. पण नाही. त्यांची मेहुणी राहायला आली होती. तिनं दुपारच्या उन्हात भिंतीचा फोटो काढून फोनवर टाकला. तेव्हापासून माणसं त्यांना विचारतायत, ही भिंत कुणी केली? "मलाही आता बरी वाटते," म्हणाले. "मेहुणी म्हणते, मला नजरच नाही. मी तोंडाच्या आत बघणारा माणूस."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसात तीन फोन. तशीच भिंत हवी. एकीला तर सोफाही तसाच हवा.

मॅडम म्हणाल्या, "ती चूक नव्हतीच. आपल्याला दिसायला वेळ लागला."

शेडकार्ड म्हणाले, "सही करतानाच मला वाटलं होतं, यात काहीतरी आहे." शपथेवर सांगते, तेव्हा ते फोनवर मेव्हण्याशी गाडीबद्दल बोलत होते.

नावही ठरलं. "ऊन-सावली." पुस्तिकेचं पहिलं पान बदललं, नवा मजकूर मीच लिहिला— "एकच कापड, एकच रंग, पण प्रकाश फिरला की भिंत बदलते." लिहिताना शब्द भराभर सुचत गेले. त्याचीच शरम वाटते.

संध्याकाळी निघताना मॅडमनी विचारलं, "त्या मावशींचा पत्ता आहे का गं कुणाकडे? असली मखमल बाकी कुणाच्या हातात बसत नाही." मी म्हटलं, "शोधते."

शोधते! आणि घरी येऊन तिनं वाढलेलं जेवले.

१३ मार्च

आज आईला सगळं सांगितलं. ती आधी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे आता त्यांना वाकडंच पाहिजे. आणि सरळ कापलं तर काढून टाकणार."

मी म्हटलं, मॅडम तुला परत बोलावतायत.

"नाही यायची."

"अगं पण तिथं तुझं मशीन आहे, कात्री आहे—"

"ऐक. चुकीचं आहे हे कळत असताना एकदा कापलं, तू सांगितलंस म्हणून. आता ते रोज कापू? डोळे उघडे ठेवून?" तांदूळ निवडत होती. ताट हलवलं, खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तू सांगितलंस का त्यांना?"

"काय?"

"ड्रॉइंग कुणाचं ते."

"तूच तर नको म्हणालीस."

"तेव्हा म्हणाले. तेव्हा तुझी नोकरी गेली असती. आता काय जाणारेय तुझं?"

ती ताटाकडेच बघत म्हणाली, "मला नोकरी नको, कुणी माझी माफीही मागायला नको. सतरा वर्षांत माझ्या हातून एक तुकडा उलटा गेला नव्हता. त्या खोलीतल्या माणसांना एवढं कळू दे की मी आधी सांगितलं होतं. बस्स."

आईनं आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. फीसाठी, पुस्तकांसाठी, चष्म्यासाठी— मागायची ती मीच.

१९ मार्च

परवा सकाळी पुस्तिकेचा कार्यक्रम आहे, शोरूममध्येच. सगळा स्टाफ, नवी गिऱ्हाइकं, डॉक्टरसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "ही कल्पना कुणाची ते आपण त्या दिवशी सांगू." बोलताना शेडकार्डकडे पाहिलं. शेडकार्डनी कॉलर नीट केली.

मी दोन वाक्यं तयार केली आहेत.

एक— ते ड्रॉइंग माझं होतं.

दोन— कापणाऱ्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, त्या माझ्या आई आहेत.

दुसरं आधी म्हणून पाहिलं. मग कुणाला काहीच कळत नाही. पहिलं आधीच म्हणायला हवं. दोन्ही एका श्वासात बसतात का तेही पाहिलं. बसत नाहीत. मध्ये एकदा थांबावं लागतं.

२० मार्च

आईला म्हटलं, उद्या सांगणार. "बरं," म्हणाली. माझा निळा कुडता तिनं उसवून बाहीपासून परत शिवला. बाही ओढत होती म्हणे. मला कधी जाणवलं नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

शेडकार्ड उठायच्या आधी मी उठले. "ते ड्रॉइंग माझं होतं."

टाळ्या सुरू झाल्या. डॉक्टर तर उभे राहून वाजवत होते. त्या थांबल्या की दुसरं वाक्य, असं ठरवून मी तशीच उभी राहिले.

थांबल्या. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी "थँक यू" म्हणाले.