कच्च्या कडांच्या पोळ्या

॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व),
१९ सप्टेंबर २०२४

ती. माईस,
वसुधाचा सा. न. वि. वि.

तुला ऐकू येईनासं झाल्यापासून फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस आणि मला वाटतं, तुला सगळं कळलं. म्हणून हे आंतरदेशीय.

बातमी अशी, की आमच्या पोळीभाजी केंद्राची प्रमुख मला केलं. आधीच्या बाई मुलाकडे नाशिकला गेल्या. कमिटीतल्या बायका म्हणाल्या, तुमच्या हिशेबात कधी खाडाखोड नसते, तुम्हीच सांभाळा. हिशेब सांभाळणं वेगळं आणि बायका सांभाळणं वेगळं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांच्या टाळ्याही वाजवून झाल्या. यांना सांगितलं तर म्हणाले, इतकी वर्षं माझ्यावर हुकूम चालवतेस तेच तिथे कर. यांना थट्टा सुचते. परवापर्यंत मी सगळ्यांसोबत लाटायला बसत होते, आता मी उभी आणि त्या बसलेल्या. मी जवळ गेले की गप्पा थांबतात.

त्यात दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून एका ऑफिसच्या कॅन्टीनला रोज पोळ्या द्यायच्या आहेत. हे काम टिकलं तर केंद्र टिकेल, नाहीतर कमिटी कुलूप लावणार. आणि नेमकी आत्ताच तक्रार आली, की पोळ्यांच्या कडा कच्च्या असतात. त्या शर्मिष्ठाच्या. नवीन आहे, बी.कॉम. झालेली, फोनवर इंग्रजीत फाडफाड बोलते. मी मॅट्रिक झालेली बाई, तिला तोंडावर कशी बोलू? मग आईची युक्ती काढली, लेकी बोले सुने लागे. आपल्या अपूर्वाला सगळ्यांसमोर सुनावलं, की कडा नीट भाजाव्यात, लोक पैसे मोजून घेतात. दोन-तीनदा बोलले. तुझी लेक म्हणजे माझीच लेक, ती समजून घेईल. शर्मिष्ठाच्या कानावर गेलं असेलच.

रोज रामरक्षा म्हणून तवे पेटवते. पुढचं तो बघेल. जागा संपली, कडेने लिहिलंय ते कागद फिरवून वाच. दुसरं पत्र कशाला वाया घालवायचं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वसुधा


दिंडोशी,
२४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. वसुधास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. कडेचंही वाचलं, मान आखडली. देवापुढे साखर ठेवली. लहानपणी भातुकलीत हुकूम मी सोडायची आणि तू कायम पाहुणी व्हायचीस, त्यामुळे तुला सवय नाही एवढंच.

रविवारी अपूर्वा आणि देवेशराव भांडुपहून आले होते. पोरीने पोळीला हात लावला नाही, नुसता भात खाल्ला. विचारलं तर म्हणाली, पोळी आता बघवत नाही. ती आत गेल्यावर जावयांनी मला कागदावर लिहून दाखवलं, की घाटकोपरला एका केटररकडे ती कामाचं विचारून आली आहे. तुझ्याबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही. वसू, लहानपणी जिला गप्प करायला मला डोळे वटारावे लागायचे, ती गप्प आहे, याचीच मला धास्ती वाटते.

आणि आईची युक्ती म्हणतेस, तर आठव. आई ज्या लेकीला बोलायची ती मी होते. तू चुलीमागे बसून हसायचीस.

गुडघ्याला तेल लावतेस ना? आहे तशी हसती राहा.

तुझी,
माई


मुलुंड (पूर्व),
३० सप्टेंबर २०२४

ती. माईस सा. न. वि. वि.

माझी वाट लागली गं. शुक्रवारपासून अपूर्वा केंद्रावर आलेली नाही. फोन उचलत नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या दोघींनीही सुट्टी मागितली आहे, आणि ती सुट्टी कसली ते मला कळतं.

त्याहून वाईट पुढेच. परवा शर्मिष्ठा आपणहून माझ्याकडे आली. मला वाटलं, बाईला उमगलं. तर ती मलाच समजवायला लागली, की काकू, अपूर्वाताईंना इतकं बोलू नका, त्यांच्या पोळ्या कच्च्या राहतात हे खरं, पण शिकतील हळूहळू. हिला काही लागलंच नव्हतं. मग एकेकीला आडून विचारलं, तर सगळ्यांचं मत तेच, की अपूर्वाच्या हाताने केंद्राचं नाव खराब झालं. माई, त्या पोरीचा हात कसा आहे हे मला माहीत, आणि तिचं नाव मी माझ्या तोंडाने बुडवलं.

ती नसेल तर कॅन्टीनचं काम पहिल्याच दिवशी कोसळेल. बायका तिच्या लयीत लाटतात, ती उठली की सगळ्यांचा हात मंदावतो. पण खरं सांगू, आता कॅन्टीनचं भय मागे पडलंय. ती माझ्या घरची पायरी चढेल ना, एवढंच मनात येतं. देवासमोर बसले तरी स्तोत्र मधेच तुटतं. गणपतीला नारळ बोलले आहे.

तू तिची आई. तू तिला सांग, की मावशीच्या मनात काही नव्हतं. तुझं ती ऐकेल.

मला टाकू नकोस.

तुझी,
वसुधा


दिंडोशी,
३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना

चि. सौ. वसुधास अ. उ. आ.

मी सांगणार नाही. आधी लेकीला बोलून सुनेला ऐकवायला गेलीस, आता आईला सांगून लेकीला ऐकवतेस. जिचं तिला सांग. शर्मिष्ठाचं शर्मिष्ठाला, अपूर्वाचं अपूर्वाला. मला राग आलाय, पण तो तुला टाकण्याइतका नाही.

नारळ जरूर वाहा. मात्र पोळ्यांचं गाऱ्हाणं त्याच्याकडे नेऊ नकोस, तो मोदकवाला.

देवी तुला तोंड उघडायची बुद्धी देवो.

माई


मुलुंड (पूर्व),
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अपूर्वास,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे काकांच्या हाती पाठवते आहे. चहा दे, पण साखर घालू नकोस, मागतील.

काल शर्मिष्ठाला बाजूला घेतलं. सांगितलं, की बाई, पोळ्या तुझ्या कच्च्या राहतात, अपूर्वाच्या नाही. आता ही इंग्रजीतून काय काढते, म्हणून मी उभी राहिले. तर तिने विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंत? घरी तिचा तवा लहान. इथल्या मोठ्या तव्यावर पोळी फिरवत कडा दाबायच्या असतात, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. मी दाखवलं. त्याच सकाळी शिकली.

आता तुझं. तुझ्यासारखी पोळी आमच्याकडे कुणाचीच होत नाही. शेजारणीची कणीक सैल झाली की तू बोलता बोलता तिचा गोळा ओढून घेतेस, मळून परत ठेवतेस, आणि तिला कळतही नाही. हे मी रोज बघत होते. कधी बोलले नाही. आपल्या माणसाला तोंडावर चांगलं म्हणू नये, दृष्ट लागते, असं आम्हाला शिकवलेलं. वाईट बोलायला मात्र तूच जवळची सापडलीस. हे चुकलं माझं. वाचून झालं की देवेशरावांना तुझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवायला सांग.

परत ये. आणि नाही आलीस तरी दिवाळीला ये.

तुझी,
मावशी


भांडुप,
८ ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

काकांनी दोन चमचे साखर घालून घेतली आणि तुला सांगू नको म्हणाले.

पत्र वाचून मी रडले. पण मावशी, चांगलं म्हणालीस ते माझ्या घरात, कागदावर. बोललीस ते सगळ्यांच्या देखत. परवा बाजारात तुझ्या केंद्रातली एक भेटली, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, शिकशील गं तू पण. मी मान खाली घालून भाजी घेतली.

घाटकोपरला सोमवारी बोलावलंय. त्या दिवशी सकाळी मी आधी केंद्रावर येईन. त्या पोळ्या माझ्या नव्हत्या, एवढं सगळ्यांसमोर सांग. नाही जमलं तर मी तशीच पुढे जाईन. त्यात राग नाही. तू मावशीच राहशील, फक्त तुझ्या हाताखाली मी राहणार नाही.

काकांची साखर मनावर घेऊ नकोस.

तुझी,
अपूर्वा


मुलुंड (पूर्व),
१६ ऑक्टोबर २०२४

ती. माईस सा. न. वि. वि.

दसऱ्याला सोनं वाटताना लोक म्हणत होते, वहिनी, हात किती गार. त्यांना काय सांगू? अपूर्वाला मोकळं करायचं तर शर्मिष्ठाचं नाव घ्यावं लागणार. म्हणजे एकीला केलं तेच दुसरीला, आणि तेही ती शिकल्यावर. दोन दिवस नुसती घरात फिरत होते. यांनी विचारलं, कुणाचं नाव घ्यायची एवढी भीती वाटते? मी म्हटलं, दोघींचंही. तर म्हणाले, मग तिसऱ्या बाईचं घे, ती तर तुझ्या ओळखीची आहे. पेपर वाचता वाचता म्हणाले, मान वर न करता.

सोमवारी तवे पेटले होते, कॅन्टीनचे डबे मांडलेले. अपूर्वा दारात उभी, चपला पायातच. मी लाटणी थांबवायला सांगितली आणि म्हणाले, “कच्च्या पोळ्या अपूर्वाच्या नव्हत्या. जिच्या होत्या तिला सांगायचं धाडस मला झालं नाही, म्हणून घरच्या पोरीला बोलले. तक्रार आली ती माझ्यामुळे.”

तव्यावरची पोळी करपायला लागली, तरी कुणी उलटेना. मग शर्मिष्ठा तव्याकडे बघतच म्हणाली, की माझ्या होत्या त्या, आता नाही होत. बाजारात भेटलेली ती बाई परातीत तोंड घालून बसली.

अपूर्वाने चपला काढल्या, हात धुतले, करपलेली पोळी उचलली आणि शर्मिष्ठाला म्हणाली, सरक जरा. घाटकोपरला तिने डबे गेल्यावर फोन केला, येत नाही म्हणून.

कॅन्टीनवाल्यांनी महिनाभर बघू म्हटलंय, तेव्हा रामरक्षा चालूच आहे. आणि केंद्रात आता सगळ्याच तोंडावर बोलायला लागल्यात. काल शर्मिष्ठा सगळ्यांसमोर म्हणाली, काकू, तुमची आमटी अळणी झालीय. मला लागलं गं. जरा वेळ भांडी आवरत बसले. मग चव घेऊन बघितली आणि मीठ घातलं.

तुझ्या लेकीला रविवारी पाठवते. पोळ्या ती करील, तू नुसती जेव. आणि मला असंच खडसावत राहा.

तुझी,
वसुधा